काल्त्सोने: खायचा पदार्थ आणि विजार, दोन्हींना एकच शब्द कसा?

रेघोटी:

नमस्कार मंडळी. इटालियन पाककृतींचा मराठी अनुवाद करते आहे आणि एका शब्दापाशी थांबले आहे.

शब्द आहे काल्त्सोने. पिझ्झाचंच पीठ घ्यायचं, हातानं थापून गोल चकती करायची, अर्ध्या भागावर चीज वगैरे सारण पसरायचं, उरलेला अर्धा भाग त्यावर दुमडायचा, कडा दाबून बंद करायच्या आणि भट्टीत भाजायचं. पाककृतीत काही अवघड नाही. पण उच्चाराची खात्री करायला कोश उघडला, तर त्याच नोंदीत आधी दिलेला अर्थ निघाला विजार. अनेकवचन काल्त्सोनी, म्हणजे पँट. पदार्थाचा अर्थ त्याच्या खाली.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

हा खरंच एक शब्द आहे, की दोन वेगळ्या शब्दांचा उच्चार योगायोगानं सारखा झाला आहे? एकच असेल तर आधी कपडा की आधी पदार्थ? आणि इंटरनेटवर सगळीकडे वाचायला मिळतं की हा पदार्थ चालता चालता खाता येतो, म्हणून त्याला विजारीचं नाव पडलं. यात कितपत तथ्य आहे?

शेवटचं विचारण्याचं कारण असं की प्रत्येक पदार्थावर दोन ओळींची टीप द्यायची आहे. ऐकीव गोष्ट छापायची नाही. एकदा छापली की ती पुढच्या दहा ठिकाणी जाते.

धातुपाठ:

शब्द एकच आहे आणि कपडा आधीचा. साखळी थोडक्यात देतो.

लॅटिनमध्ये काल्क्स म्हणजे टाच. त्यावरून काल्केउस, म्हणजे बूट. रोमन नागरिक टोगा नेसून बाहेर पडताना जे बंद पादत्राण घालत, ते हे. घरात वापरायची उघडी चप्पल वेगळी, तिचं नाव सोलेआ. उत्तरकालीन लॅटिनमध्ये काल्केउसपासून काल्केआ किंवा काल्किआ असं स्त्रीलिंगी रूप झालं आणि अर्थ बुटावरून पायमोज्यावर सरकला. इटालियनमध्ये त्याचंच काल्त्सा झालं, आजही त्याचा अर्थ मोजा. काल्त्साला मोठेपणा दाखवणारा ओने हा प्रत्यय लागला की काल्त्सोने. शब्दशः मोठा मोजा.

आजच्या इटालियनमध्ये हे सगळं कुटुंब एकत्र नांदतं. चांभार काल्त्सोलायो, पादत्राणं काल्त्सातुरा, छोटा मोजा काल्त्सिनो, लांब मोजा काल्त्सा, अर्धी चड्डी काल्त्सोन्चीनी, पूर्ण विजार काल्त्सोनी. टाचेपासून कमरेपर्यंत एकच धातू चढत गेला आहे.

एक सावधगिरी. कॅल्शियम आणि कॅल्क्युलस या शब्दांचा काल्क्सशी संबंध आहे, पण तो काल्क्स वेगळा. त्याचा अर्थ चुना किंवा चुनखडी. दोघांचं रूप सारखं दिसतं म्हणून अनेक जण एकाच गोणीत भरतात. टाचेच्या काल्क्सची संतती निराळी: इंग्रजीतला रिकॅल्सिट्रंट, म्हणजे टाचा झाडणारा, हटवादी. आणि भाषाशास्त्रात परक्या शब्दाचा घटकशः अनुवाद करून घेतात त्याला काल्क म्हणतात, तोही याच घराण्यातला. टाचेनं दाबणं, मग दाबून ठसा उमटवणं, मग गिरवणं, असा त्याचा प्रवास. रेघोटी, तुम्ही अनुवादक आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उलटी_टीप:

धातुपाठ यांनी दिलेली साखळी बरोबर आहे. पण तिच्यातल्या एका पायरीवर कोश फार भरभर पुढे जातात: मोज्याची विजार झाली कशी? माझ्या दृष्टीनं सगळी गोष्ट तिथेच आहे. पदार्थाचं उत्तरही तिथूनच निघतं.

मी शिवणकाम शिकवत आले. जुन्या युरोपीय पोशाखांचं बेतणं समजून घ्यायचं म्हणून आधी फ्रेंच आणि मग इटालियन शिकले, त्यामुळे या शब्दाकडे मी कात्री हातात घेऊनच बघते.

आज विजार म्हटली की आपल्यापुढे एकसंध कपडा येतो. दोन पाय, मध्ये आसन, वर कंबर. मध्ययुगीन युरोपातल्या पुरुषाच्या अंगावर असा कपडा नसे. त्याच्या प्रत्येक पायाला स्वतंत्र, पावलापासून मांडीपर्यंत जाणारं आवरण असे. दोन पायांची दोन, एकमेकांना न जोडलेली. हीच काल्त्सा. फ्रेंचमध्ये शोस, इंग्रजीत होज. आत आतला लंगोटवजा कपडा, आणि ही आवरणं वर कमरेच्या कपड्याला किंवा बंडीला बंदांनी बांधलेली. बंदांच्या टोकांना धातूच्या बारीक नळ्या बसवत, म्हणजे ते भोकातून ओवायला सोपे. आपल्या बुटाच्या नाडीच्या टोकाला आजही असते तीच युक्ती.

आणि ही आवरणं सुयांवर विणलेली नव्हती, मागावरच्या लोकरी कापडाची होती. मागावरचं कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यात ताणत नाही. पोटरीवरून चढवायचं आणि घोट्याशी घट्ट बसवायचं, तर एकच उपाय: कापड उरेब कापायचं. तिरकं कापलं की तेच कापड अंगाबरोबर वळतं. मागे शिवण, टाचेशी कळी, तळव्याला वेगळा तुकडा. मी विद्यार्थिनींकडून अशी जोडी एकदा शिवून घेतली होती. टाचेची कळी बसवताना सगळ्यांना कळलं की हे काम बाही लावण्याइतकंच कसबाचं आहे.

पंधराव्या शतकात वरची बंडी आखूड होत गेली. बंडी आखूड झाली की मधली जागा उघडी पडते, म्हणून दोन्ही काल्त्सा मागून आणि पुढून जोडाव्या लागल्या. आता त्या पावलासकट असलेल्या घट्ट विजारीसारख्या झाल्या. सोळाव्या शतकात त्याच्या उलट घडलं. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा भाग फुगीर, भरलेला, चिरा पाडून सजवलेला झाला. गुडघ्याखालचा भाग घट्टच राहिला. एका कपड्याचे आडवे दोन भाग पडले.

आता भाषा बघा. फ्रेंचांनी वरच्या भागाला म्हटलं ओ-द-शोस, म्हणजे शोसचा वरचा भाग. खालच्याला बा-द-शोस, म्हणजे शोसचा खालचा भाग. मग बोलण्यात शेपूट गळलं आणि नुसतं बा राहिलं. आजही फ्रेंचमध्ये स्त्रियांच्या लांब मोज्यांना बा म्हणतात, ज्याचा शब्दार्थ केवळ 'खालचा'. स्पेनमध्ये खालच्या तुकड्याला मेदिया काल्सा म्हणत, अर्धी काल्सा. तिथेही दुसरा शब्द गळाला आणि मोज्याला मेदिया, म्हणजे 'अर्धी', एवढंच नाव उरलं. जर्मनमध्ये होज हा शब्द पार कमरेपर्यंत चढला आणि आज होझं म्हणजे विजार. इंग्रजीत तो पायातच राहिला, आणि बागेत पाणी घालायच्या नळीलाही तेच नाव मिळालं. लांब, पोकळ, लवचीक आवरण, एवढाच अर्थ त्यांनी उचलला.

इटलीत वरच्या, रुंद भागाला मिळालं काल्त्सोने. मोठी काल्त्सा. कपड्याचा इतिहास माहीत असेल तर यात नवल नाही. विजार ही खरोखरच मोठ्या झालेल्या मोज्यांची जोडी आहे.

हे आपल्या भाषेतही घडलेलं आहे. आपला मोजा फारसीतून आला, आणि तिथे मोझा म्हणजे चामड्याचा उंच बूट. बुटाचा मोजा झाला. लॅटिन काल्केउसचं जे झालं तेच. आपली विजार अरबी इजारवरून आली, आणि इजार म्हणजे न शिवलेलं, कमरेभोवती गुंडाळायचं वस्त्र. कमरेखालच्या कपड्यांची नावं अशी सतत एकमेकांच्या जागा घेत असतात, कारण कपडेच एकमेकांतून निघतात. सुरवार, तुमान, पायजमा, पाटलोण ही मराठीतली नावं एकामागून एक म्हणून बघा. प्रत्येक बाहेरून आलं आणि शिंप्याच्या हातात नवा आकार घेऊन राहिलं. पाटलोण तर थेट व्हेनिसची. तिथल्या विनोदी नाटकांतलं पान्तालोने नावाचं म्हातारं पात्र ज्या विजारीत वावरे, त्या विजारीला त्याचं नाव पडलं, ते फ्रान्समार्गे इंग्रजीत गेलं आणि तिथून आपल्याकडे.

रोमन लोकांबद्दल एक गोष्ट राहून गेली. त्यांच्याकडे विजारीला स्वतःचा शब्दच नव्हता. ब्राका हा शब्द त्यांनी गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या जुन्या रहिवाशांकडून, घेतला, कारण विजार त्यांच्या मते परक्यांनी घालायची वस्तू. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट होनोरिउसच्या काळात रोम शहरात विजारी घालायला कायद्यानं बंदी केली होती. ज्या भाषेत विजार असभ्य होती, त्याच भाषेतला बूट पुढे विजारीचं नाव झाला. मला ही गोष्ट फार आवडते.

आता पदार्थ. फ्रेंचमधला शोसों हा शब्द पाहा. शोसला ओं प्रत्यय लावून तो झाला. म्हणजे इटालियन काल्त्सोनेचा सख्खा भाऊ, तेच मूळ आणि तोच प्रत्यय. फरक असा की लॅटिनमधून आलेला हा प्रत्यय इटालियनमध्ये वस्तू मोठी करतो आणि फ्रेंचमध्ये लहान. इटालियनमध्ये लिब्रो म्हणजे पुस्तक, लिब्रोने म्हणजे जाडजूड ग्रंथ. फ्रेंचमध्ये शा म्हणजे मांजर, शातों म्हणजे मांजराचं पिल्लू. म्हणून काल्त्सोने कमरेपर्यंत वाढला, आणि शोसों पावलापुरता आखूड झाला. त्याचा अर्थ घरात घालायचा मऊ जोडा, तान्ह्या बाळाचा विणलेला मोजा, नर्तकीचा नाचायचा बूट.

आणि शोसों खायचाही असतो. शोसों ओ पोम, म्हणजे सफरचंदाचं सारण भरून दुमडलेला, पदर सुटलेला अर्धगोल पदार्थ.

इटलीत विजार, फ्रान्समध्ये सपाता. कपडे दोन आणि आकार दोन, तरी दोन्हीकडे नाव गेलं ते सारण भरून, दुमडून, कड बंद केलेल्या पिठालाच. कोश म्हणतात नाव आकारावरून पडलं, विजारीच्या पायासारखा दिसतो म्हणून. ते मला पुरेसं वाटत नाही. अर्धगोल काल्त्सोने विजारीच्या पायासारखा फारसा दिसतच नाही. दोन्हीकडे समान आहे ती कृती: एक मऊ आवरण घ्यायचं, त्यात काहीतरी घालायचं, आवरण त्यावर बसवून बंद करायचं. पाऊल मोज्यात जातं तसं सारण पिठात जातं. हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून छापू नका. पण टीप लिहिताना 'विजारीसारखा दिसतो म्हणून' एवढ्यावर थांबू नका, असं मला मनापासून वाटतं.

पूर्वकिनारा:

उलटी_टीप, उत्तर आवडलं. या शब्दाची पूर्वेकडची वाट राहिली, ती मी जोडतो.

पोर्तुगीजमध्ये काल्सा म्हणजे पँट आणि काल्सांव म्हणजे आता अर्धी विजार. प्रत्यय इटालियन ओनेचाच भाऊ. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे हा शब्द गेला. कोकणीत विजारीला कालसांव म्हणतात ते हेच. सिंहली भाषेत पँटला कलिसम म्हणतात, तेही हेच.

सगळ्यात लांबची शाखा जपानमध्ये आहे. पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले. त्यांच्या फुगीर विजारी पाहून जपानी लोकांनी हाकामाचा, म्हणजे त्यांच्या कमरेखालच्या घेरदार पारंपरिक वस्त्राचा, एक प्रकार तसा शिवायला घेतला, आणि त्याचं नाव कारुसान. बटणाला बोतान, पावसाळी झग्याला काप्पा, हे शब्दही त्याच ओघातले. आणि विणलेल्या कापडाला जपानीत मेरियासु म्हणतात. तो शब्द स्पॅनिश मेदियास किंवा पोर्तुगीज मेयास वरून आला. म्हणजे तुम्ही वर सांगितलेली 'अर्धी' काल्सा तिकडे मोज्यापुरतीही राहिली नाही, सुयांवर किंवा यंत्रावर विणलेल्या सगळ्या कापडाचं नाव झाली.

खाण्याचा शब्दही त्याच जहाजातून उतरला. जपानीतला पान आणि मराठीतला पाव, दोघांचं मूळ पोर्तुगीज पांव.

उत्तरेकडची वाट वेगळीच आहे. फ्रेंचांनी इटालियन काल्त्सोनेच परत उसना घेऊन कालसों केला, म्हणजे त्यांच्या घरात शोसों आणि कालसों असे दोन चुलत भाऊ झाले. हा कालसों कपड्यांच्या आत सरकला, आणि आतल्या चड्डीचं नाव झाला. तिथून रशियनमध्ये काल्सोनी म्हणजे लांब अंतर्वस्त्र, स्वीडिशमध्ये काल्सोंगर म्हणजे चड्डी. टाचेवरून निघालेला शब्द कमरेपर्यंत चढला आणि मग आत शिरला.

रेघोटी:

ताई, दादा, किती दिलंत तुम्ही! सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन गोष्टी अजून विचारते. एक, चालता चालता खाण्याच्या गोष्टीचं काय? ती चुकीची म्हणायला आधार आहे का? दुसरं, पीठ आणि कापड यांच्यात नावांची ही देवाणघेवाण फक्त याच शब्दापुरती आहे, की आणखीही उदाहरणं आहेत? असतील तर मला प्रस्तावनेत एक परिच्छेद त्यावर लिहावासा वाटतो.

आणि लिप्यंतर. संपादकांनी कॅल्झोन सुचवलं आहे.

धातुपाठ:

दुसऱ्या प्रश्नावर एक रोमन उदाहरण. मी वर घरातल्या चपलेला सोलेआ म्हणतात असं लिहिलं. त्याच शब्दानं रोमन लोक एका चपट्या माशालाही ओळखत, कारण तो तळव्यासारखा दिसतो. इंग्रजीत सोल म्हणजे बुटाचा तळ आणि सोल नावाचा मासा, दोन्ही तिथूनच. पादत्राणाचं नाव ताटात यायला काल्त्सोनेची वाट बघावी लागलेली नाही.

उलटी_टीप:

सोलेआचं उदाहरण नेमकं आहे. ते खरंच दिसण्यावरून पडलेलं नाव, त्यामुळे काल्त्सोनेशी त्याची तुलना करता येते.

रेघोटी, आधी चालण्याची गोष्ट. ती मला पटत नाही आणि कारण साधं आहे. हे नाव ज्या ज्या पदार्थांना मिळालं ते एकत्र मांडून बघा. ग्रीसच्या क्रीट बेटावर १६६९ पर्यंत व्हेनिसची सत्ता होती. तिथे चीज भरलेल्या छोट्या पदार्थाला कालित्सुनिया म्हणतात, काल्त्सोनीवरूनच. सीरियातल्या अलेप्पो शहराच्या ज्यू कुटुंबांत काल्सोनेस करतात: पिठाच्या पारीत चीज भरायचं, पाण्यात उकळायचं आणि लोणी घालून ताटात वाढायचं. रुमानियात कोल्त्सुनाशी म्हणून सारण भरलेले, उकडलेले छोटे गोळे असतात, आणि तिथे कोल्त्सुन म्हणजे मोजा. उकळून, ओले, चमच्यानं किंवा काट्यानं खायचे हे पदार्थ रस्त्यानं चालता चालता कोण खाणार? नाव चालण्यावरून पडलं असतं तर ते या पदार्थांपर्यंत पोचलंच नसतं. भट्टीत भाजलेलं, तळलेलं, पाण्यात उकळलेलं, गोड, तिखट, मुठीएवढं आणि बोटाएवढं, सगळ्यांना हे नाव चालतं. समान आहे ते एवढंच की पारीत सारण भरून कड बंद केली आहे.

दक्षिण इटलीत काल्त्सोनेचाच एक लहान तळलेला भाऊ आहे, पान्त्सेरोत्तो. त्याचं नाव पोटावरून पडलं. पान्त्सा म्हणजे पोट. एकाला पाय घालायचं आवरण आठवलं, दुसऱ्याला भरलेलं पोट. दोघांच्याही मनात 'आत काहीतरी आहे' हेच होतं.

आता प्रस्तावनेचा परिच्छेद. उदाहरणं भरपूर आहेत, पण सगळी भरू नका. मला महत्त्वाची वाटतात ती सांगते.

पहिलं क्रेप. लॅटिन क्रिस्पुस म्हणजे कुरळं. त्यावरून फ्रेंच क्रेप. कापडात क्रेप म्हणजे धाग्याला जादा पीळ देऊन विणलेलं, पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या असलेलं कापड. धुतल्यावर पीळ सुटू पाहतो आणि कापड आकसतं, म्हणून शिवण्याआधी ते भिजवून घ्यावंच लागतं. स्वयंपाकात क्रेप म्हणजे तव्यावर पसरलेलं पातळ धिरडं, ज्याच्या कडा तापल्यावर कुरळ्या होतात. इथे कपड्यानं पदार्थाला किंवा पदार्थानं कपड्याला नाव दिलं नाही. दोघांनी 'कुरळा' हे एकच विशेषण घेतलं. काल्त्सोनेपेक्षा हा वेगळा प्रकार आहे, आणि वाचकाला हा फरक कळायला हवा.

दुसरं शिफॉन. फ्रेंचमध्ये शिफों म्हणजे मुळात चिंधी. मग ते तलम कापडाचं नाव झालं. पुढे अमेरिकेत फेसाळ, हलक्या केकला शिफॉन केक म्हणू लागले. लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकर यांनी १९२७ मध्ये तो शोधला आणि त्याची कृती वीस वर्षं गुप्त ठेवून १९४७ मध्ये एका मोठ्या पीठ कंपनीला विकली. इथे मात्र कापडानंच पदार्थाला नाव दिलं, आणि तेही तलमपणासाठी. आकाराचा प्रश्नच नाही.

तिसरं, जे मला सगळ्यात जवळचं आहे. इटालियनमध्ये ताल्यारे म्हणजे कापणं. त्यावरून ताल्यातेल्ले, पातळ लाटून पट्ट्या कापलेला पास्ता. आणि उत्तरकालीन लॅटिनच्या त्याच क्रियापदावरून जुन्या फ्रेंचमध्ये तायर, म्हणजे कापणारा, आणि त्यावरून इंग्रजी टेलर. शिंप्याचं नाव शिवण्यावरून पडलं नाही, कापण्यावरून पडलं. बेतणं आणि कापणं हेच कसबाचं काम, शिवण नंतर येते, हे मी जन्मभर सांगत आले आणि युरोपच्या निम्म्या भाषा तेच सांगतात. लाटलेल्या पिठावर सुरी आणि पसरलेल्या कापडावर कात्री, काम तेच आहे. फेत्तुचीनेही कापडाचाच शब्द: फेत्तुच्चा म्हणजे फीत. काप्पेल्लेत्ती म्हणजे छोट्या टोप्या. मानिकोत्ती हे मानिका, म्हणजे बाही, या शब्दावरून. पिठाला नाव देताना इटालियन बाया शिवणाच्या पेटीतूनच शब्द काढत होत्या, कारण दोन्ही कामं त्याच घरात, त्याच हातांनी होत होती. लाटणं, दुमडणं, चुण्या घालणं, कड दाबणं, ही क्रियापदं दोन्हीकडची आहेत. मराठीतही घडी पोळीचीही असते आणि लुगड्याचीही, आणि पदर दोघांनाही.

प्रस्तावना लिहाल तेव्हा या तीन जाती वेगळ्या ठेवा: एकाच विशेषणातून दोघांना मिळालेलं नाव, गुणावरून पदार्थाला मिळालेलं कापडाचं नाव, आणि हाताच्या कामावरून मिळालेलं. काल्त्सोनेला मी तिसऱ्या जातीत घालते. कुणी दुसऱ्या ठिकाणी घातलं तर वाद घालायला मी इथे आहे.

लिप्यंतराबद्दल माझं ठाम मत आहे. कॅल्झोन हा इंग्रजीतून आलेला उच्चार आहे. मूळ पुस्तक इटालियन असताना शब्द इंग्रजीच्या दारातून आत घ्यायचं काही कारण नाही. इटालियनमध्ये या शब्दातला उच्चार त्स असा आहे, तो देवनागरीत जसाच्या तसा लिहिता येतो, आणि शेवटचा ए स्पष्ट ऐकू येतो. काल्त्सोने लिहा. इटालियनमध्ये तो पुल्लिंगी आहे, मराठीतही पुल्लिंगीच ठेवा: काल्त्सोने भाजला, काल्त्सोने फुगला. अनेकवचनाला मात्र इटालियन रूप घेऊ नका. 'दोन काल्त्सोनी' म्हटलं की मराठी वाचक तो स्त्रीलिंगी समजेल, आणि त्याच रूपाचा तिथे रोजचा अर्थ विजार आहे. 'दोन काल्त्सोने' पुरेसं आहे. संपादकांनी ऐकलं नाही तर निदान शब्दसूचीत मूळ उच्चार द्यायला सांगा.